दाणोलीची ओसरी

गोव्यातल्या पेडण्याहून निघालेली आमची दिंडी बांदा सोडून दाणोलीच्या रस्त्याला लागली. तेव्हा वार कोणता, हे कोणालाच सांगता आलं नसतं. पाऊस तोच, गजर तोच, पेजेबरोबरचं लोणचंही तेच. सावंतवाडीचा मोती तलाव बघायची हौस असलेले दरवर्षी कुरकुर करतात, दाणोलीत आत कशाला शिरायचं म्हणून. साटम महाराजांच्या समाधीवर डोकं टेकल्याशिवाय आंबोली घाटाला पाय लावायचा नाही, एवढंच त्याचं उत्तर.

पेडणे महाल 1788 पर्यंत सावंतवाडीकर भोसल्यांचा होता. आमच्या बाजूला बापूसाहेब महाराजांचं नाव अजून आपल्या राजाचं म्हणून घेतात. पाचवे खेम सावंत ते. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात होते, बडोद्याच्या गायकवाड घराण्याचे जावई. 1924 मध्ये कारभार हाती आला आणि 1937 मध्ये, चाळिशी गाठायच्या आतच गेले. असा राजा दाणोलीच्या एका अवलियाचा भक्त झाला. साटम महाराजांपाशी त्यांनी काय मागितलं असेल, याचा विचार त्या रस्त्यावर मी दरवर्षी करते.

त्या दुपारी मात्र विचार फक्त पायाचा होता. उजव्या चवड्याखाली रुपयाएवढा फोड. पावसातल्या वारीत फोड उन्हाने येत नाही, ओलीने येतो. कातडी भिजून पांढरी, मऊ पडते, चपलेत रेतीचा एक कण शिरतो आणि दोन कोसांत काम होतं. मोजे घालणाऱ्यांचे हाल जास्त, कारण ओला मोजा वाळतच नाही. पहाटे काकड्याला उठल्यावर कोरड्या पायाला, बोटांच्या बेचक्यांसकट, खोबरेल किंवा व्हॅसलिन चोळायचं. मी त्या दिवशी चोळलं नव्हतं. कोरड्या कपड्यांचा टेम्पो पुढे निघून गेलेला. पताकावाले तर मागे वळूनही बघत नव्हते. तोंडात विठ्ठल आणि पोटात राग, असं चाललं होतं.

दाणोलीत एका घराच्या ओसरीवरून हाक आली, "बस गो बाय, पाय दाखव माका."

आजींनी काही विचारलं नाही. चुलीवरचं पाणी घमेल्यात ओतलं, मूठभर मीठ टाकलं. दहा मिनिटांनी पाय बाहेर काढून जुन्या लुगड्याच्या फडक्याने टिपला. चोळला नाही, टिपला. सुई निखाऱ्यात लाल केली, निवू दिली. फोडाच्या कडेला, खालच्या अंगाला दोन भोकं पाडली आणि वरून अलगद दाबत पाणी काढलं. आमच्यातली एक म्हणाली, दोरा ओवून आत ठेवा, वारीत सगळे तसंच करतात. आजींनी मान हलवली. दोऱ्यावाटे घाण आत जाते. दोऱ्याने पिकलेले पाय मी पुढे गडहिंग्लजपर्यंत पाहिलेत. वरचं कातडं ओढायला मी हात नेला तेव्हा त्यांनी माझं मनगटच धरलं. "ता काढू नको. ताच तुझा व्हाण."

मग सुती पट्टी, सैल बांधलेली. पायाशी वाकलेलं ते पांढरं डोकं बघून मला रडू आलं. त्यांनी पट्टी बांधून झाल्यावर माझ्याच पायांना हात लावून नमस्कार केला. पाय मागे घ्यायचं मला सुचलं नाही. वारकऱ्याचा पाय तेव्हा आपला नसतो, हे ऐकून होते. समाधीसमोर उभी राहिले तेव्हा हात जोडले गेले, मागायचं राहून गेलं.

घाट दुसऱ्या दिवशी, अठरा-वीस किलोमीटरचा. रविवार होता. धबधब्यापाशी गाड्या आडव्या लावलेल्या, त्यांतली गाणी आमच्या टाळांपेक्षा मोठी. तुळशी डोक्यावर घेतलेल्या बायकांना वाट द्यायचंसुद्धा कोणाला सुचेना, याचा संताप अजून गेलेला नाही. अशा जागी वीणेकऱ्याला मध्ये घ्यायचं, दोघांनी दोरी धरायची आणि आतल्या, डोंगराच्या अंगाने एका रांगेत चालायचं. जळू लागली तर ओढू नये, चिमूटभर मीठ टाकावं; ती आपण होऊन गळते.

आंबोली 690 मीटरवर. संस्थानचं थंड हवेचं ठिकाण, राजघराणं उन्हाळ्यात इथल्या वाड्यात यायचं. गांधीजीही 1927 मध्ये आजारपणात विश्रांतीला इथे राहिले होते. आषाढाच्या तोंडावर मात्र धुक्यात समोरचा माणूस दिसत नाही, वाडा कुठला दिसायला! हिरण्यकेशी नदीला हात जोडले आणि मुक्कामाला आलो.

पखवाज बसला होता. प्लास्टिक गुंडाळूनही दमट हवेने पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं, सैल पडते, शाईचा आवाज मरतो. घाईने निखाऱ्याजवळ धरला तर कातडं तडकतं. मृदंगी बुवांनी धुमेची, म्हणजे डाव्या तोंडाची, ओली कणीक खरवडून काढली, चुलीपासून दोन हात लांब बसून पखवाज फिरवत राहिले, मग चामड्याच्या वाद्यांखालचे लाकडी गट्टे एकेक ठोकत पुडी ताणून घेतली. नवी कणीक लावली. तास गेला. कोणी टाळही वाजवला नाही. मी पट्टी सोडून पाय चुलीकडे केला होता, कातडं जागेवर होतं.

बुवांनी डावा हात टाकला. धुम उमटली. वीणेकरी उठून उभे राहिले.