एका तावात दहा कार्डे: आमची वाटचाल

हाताने ठसे उमटवून शुभेच्छापत्रे तयार करण्याचा आमचा व्यवसाय विलेपार्ल्यातील राहत्या घराच्या मागच्या खोलीत सुरू झाला. त्या वेळी मी आणि माझी धाकटी जाऊ, आम्ही दोघींनी कागद, शाई आणि ठशांची नक्षी यांवर महिनाभर खल केला; कार्डाचे माप मात्र डोळ्यांना बरे दिसते एवढ्याच कारणाने एका संध्याकाळी ठरवून टाकले. त्या घाईचे परिणाम निस्तरण्यात पुढची तीन वर्षे गेली, आणि हा व्यवसाय करू इच्छिणाऱ्या कोणालाही मी आज सर्वप्रथम मापाविषयीच सांगते.

पहिले माप ६ इंचांचे चौरस होते. कमळ, ठिपक्यांची रांगोळी, तुळशीवृंदावन अशा आमच्या नक्ष्या चौरसात छान बसत. परंतु पुण्याहून आणलेला हातकागदाचा ताव २२ बाय ३० इंचांचा असे, आणि घडीचे कार्ड म्हणजे उघडल्यावर १२ बाय ६ इंच; त्यामुळे एका तावात सहाच कार्डे निघत आणि कातरणीचा ढीग वाढत जाई. शिवाय त्या मापाचे तयार पाकीट आम्हाला बाजारात मिळेना, म्हणून प्रत्येक पाकीट घरी खळ लावून चिकटवावे लागे.

दुसऱ्या वर्षी आम्ही ५ बाय ७ इंचांकडे वळलो. लग्नपत्रिकांच्या बाजारात या मापाच्या जवळपासची पाकिटे सहज मिळतात, आणि काळबादेवी, अब्दुल रहमान स्ट्रीट या भागांत दोन-तीन फेऱ्या मारल्यावर ती प्रत्यक्ष मिळालीही. तावात आठ कार्डे बसू लागली. तरीही दोन अडचणी उभ्या राहिल्या, आणि त्या दोन्ही मला आधी सुचायला हव्या होत्या.

पहिली अडचण ठशाची. एवढ्या मोठ्या कार्डावर छोटा ठसा हरवल्यासारखा दिसतो, म्हणून आम्ही ४ बाय साडेपाच इंचांचे लिनोलियमचे ठसे कोरले. रुळाने शाई सारखी पसरली तरी तळहाताचा दाब एवढ्या क्षेत्रावर सारखा पडत नाही. कडा गडद उमटत आणि मधला भाग फिकट राही. हातकागदाचा पृष्ठभाग खडबडीत असल्यामुळे तो फिकेपणा अधिकच उठून दिसे. दिवाळीच्या कंदिलाची नक्षी कडेने उत्तम आणि नेमकी ज्योतीच्या जागी पांढरी, अशी चाळीस-पन्नास कार्डे आम्हाला बाजूला ठेवावी लागली.

दुसरी अडचण वजनाची. २५० जीएसएमचे, म्हणजे चौरस मीटरला २५० ग्रॅम भरणाऱ्या कागदाचे कार्ड, आतला लिहिण्याचा कागद आणि हातकागदाचे पाकीट हे सर्व स्वयंपाकघरातील काट्यावर ठेवले, तेव्हा ते २३ ग्रॅम भरले. टपालात पत्राच्या दराचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा. आमच्या एका ग्राहक बाईंनी नेहमीचे तिकीट लावून सांगलीला कार्ड पाठवले आणि कमी तिकिटाचे जादा पैसे त्यांच्या वृद्ध मावशींना पोस्टमनच्या हाती द्यावे लागले. शुभेच्छा मिळणाऱ्यालाच भुर्दंड पडावा, याचे मला फार वाईट वाटले.

उपाय सापडला तो झेरॉक्सच्या दुकानात. जाऊ नेहमी ए-४ कागदावर नक्षी काढते. ती लहान करून घेताना दुकानातील मुलाने ५० टक्क्यांवर प्रत काढली आणि ती बरोबर ए-६ आकाराची, म्हणजे १०५ बाय १४८ मिलिमीटरची निघाली; कुठे ताणली गेली नाही की कुठे कापली गेली नाही. ए मालिकेतील प्रत्येक कागद मधोमध दुमडला तरी लांबी-रुंदीचे प्रमाण तेच राहते, हे आम्ही शाळेपासून ऐकून होतो. त्याचा आपल्या कामाशी संबंध आहे हे तेव्हा उमगले. “ताई, मी काढते त्याच प्रमाणात कार्ड होईल,” असे ती तिथेच म्हणाली.

घरी येऊन तावावर पट्टी ठेवली. २२ इंच म्हणजे ५५९ मिलिमीटर आणि ३० इंच म्हणजे ७६२. उघडलेले कार्ड २१० बाय १४८ चे. रुंदीत दोन, लांबीत पाच, अशी दहा कार्डे बसतात आणि लांबीच्या दोन्ही टोकांना ११ मिलिमीटर उरतात, ज्यात हातकागदाची ओबडधोबड कड नेमकी निघून जाते. वजन १६ ग्रॅमवर आले. ठसा ६५ बाय ९० मिलिमीटरचा झाला, म्हणजे क्षेत्रफळ पूर्वीच्या निम्म्याहूनही कमी, आणि तळहाताच्या एका दाबात तो पूर्ण उमटू लागला. तो आम्ही मधोमध ठेवत नाही. वर २४ आणि खाली ३४ मिलिमीटर जागा सोडतो, कारण खाली थोडी अधिक मोकळीक असली की चित्र घसरल्यासारखे वाटत नाही.

अक्षरांनी मात्र त्रास दिला. ‘दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा’ हे एका ओळीत ६५ मिलिमीटरमध्ये कोरले, तर ‘च्छा’तील पोकळ्या शाईने भरून जातात आणि ‘र्दि’चा रफार वेलांटीला चिकटतो. आता आम्ही दोन ओळी करतो आणि त्यांच्यामध्ये उकार-वेलांट्यांसाठी पुरेशी जागा ठेवतो.

पाकिटाच्या बाबतीत आणखी एक चूक माझ्या हातून झाली. कार्ड घट्ट बसलेले नीटनेटके दिसेल या समजुतीने मी १०७ बाय १५० मिलिमीटरची हजार पाकिटे करून घेतली. मार्चमध्ये कार्डे आत गेली. जुलैत, मुंबईच्या दमट हवेत हातकागद मिलिमीटरभर फुगला आणि रेशमी दोरा बांधलेल्या कार्डांचे कोपरे पाकिटात घालताना दुमडू लागले. तेव्हापासून आम्ही ११४ बाय १६२ मिलिमीटरचे सी-६ पाकीटच वापरतो, आणि नव्या पाकिटांची चाचणी पावसाळ्यातच घेतो.

तावाच्या रुंदीत १३९ मिलिमीटरची एक पट्टी उरते. तिच्यातून घडी नसलेली पाच ए-६ कार्डे निघतात, प्रत्येकी जेमतेम ४ ग्रॅमची. संक्रांतीला आम्ही त्यांवर पतंगाचा आणि तिळाच्या फुलाचा ठसा उमटवतो. कार्ड आणि पाकीट मिळून ९ ग्रॅम होतात, म्हणून पहिल्या टप्प्यात आणखी ११ ग्रॅमची जागा राहते, आणि जाऊ त्यात हलव्याची ८ ग्रॅमची चपटी पुडी स्वतः काट्यावर तोलून घालते.