‘लवकर’च्या ४१ रेघा

एका सकाळी फ्रिजवर कोरा कागद चिकटवला आणि शेजारी पेन्सिल टांगली. ‘लवकर’, ‘चल चल’, ‘आटप’, यातलं काहीही माझ्या तोंडून निघालं की एक रेघ ओढायची. दुपारच्या जेवणापर्यंत ४१ रेघा झाल्या. आणि त्या दिवशी आम्हाला कुठेही जायचं नव्हतं.

थोरली तेव्हा सव्वाचार वर्षांची होती, धाकटा पंधरा महिन्यांचा. बायको पुन्हा कामावर रुजू झाली आणि वर्षभर घर मी सांभाळायचं ठरलं. नोकरीत वेळापत्रकं आखण्यात हात बसलेला, म्हणून पहिल्याच रविवारी अर्ध्या अर्ध्या तासाचे रंगीत चौकोन आखून ठेवले. त्यातला ‘चित्रकला’ हा चौकोन फार जपून आखला होता. रंग काढले, पाणी ठेवलं, जुने कपडे घातले, एवढ्यात पंधरा मिनिटं गेली. थोरलीने कागदावर एक निळी रेघ मारली आणि म्हणाली, “झालं.” उरलेल्या पंधरा मिनिटांचं काय करायचं हे माझ्या चौकोनात लिहिलेलं नव्हतं. उलट दात घासायला पाच मिनिटं धरली होती, तिथे पंचवीस लागली. सकाळी नऊलाच आम्ही दिवसाच्या मागे पडायचो आणि मग रात्रीपर्यंत नुसती धावाधाव. तिसऱ्या दिवशी वेळापत्रक उतरवलं. त्याच्या जागी आला तो रेघांचा कागद.

रेघा बघून एक गोष्ट कळली. मुलं संथच होती. घाई माझी होती, आणि ती कशासाठी होती हे मलाही सांगता आलं नसतं. चार वर्षांच्या मुलीला ‘दहा मिनिटांनी’ म्हणजे किती हे कळत नाही. तिला ‘आधी’ आणि ‘मग’ कळतं. आंघोळ झाली की गोष्ट, जेवण झालं की झोप. म्हणून मी घड्याळ सोडलं आणि दिवसाला चार खुंट्या ठोकल्या: सकाळचं आवरणं, दुपारची झोप, संध्याकाळची आंघोळ, रात्रीचं निजणं. खुंट्यांचा क्रम कधीच बदलायचा नाही. मधलं सगळं सैल. आठवड्याभरात थोरली स्वतःच सांगायला लागली, “आता हे झालं, आता ते.” मला आठवण करून द्यायची गरजच उरेना.

सगळ्यात कठीण गेली ती बटणं. तिच्या एका झग्याला पुढे सहा बटणं होती आणि ती तिला स्वतः लावायची असत. आधी मी एका मिनिटात लावून मोकळा व्हायचो, मग वीस मिनिटं रडारड, मग ती बटणं पुन्हा काढून पुन्हा लावणं. एकदा ठरवून जमिनीवर बसलो आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले. खरंच दाबले, कारण ते आपोआप पुढे जात होते. अकरा मिनिटं लागली. चौथं बटण पाचव्या काजात गेलं, ते तिला दिसलं, तिने काढलं. मी तोंड उघडलं असतं तर ते तिला कधी दिसलंच नसतं. हिशेब मांडला तर अकरा मिनिटं हा सौदा स्वस्तच होता.

धाकट्याची लंगोट बदलणं म्हणजे रोजची कुस्ती. एमी पिक्लर नावाच्या हंगेरियन बालरोगतज्ज्ञ होत्या. त्यांनी १९४६ साली बुडापेस्टमध्ये आईबाप नसलेल्या बाळांसाठी एक संस्था सुरू केली. तिथे सांभाळणाऱ्या बायकांना शिकवण अशी की बाळाला उचलण्याआधी, पुसण्याआधी, कपडे घालण्याआधी आता काय करणार ते त्याला सांगायचं आणि क्षणभर थांबायचं. त्यांच्याकडे बाळांची रांग होती, माझ्याकडे एकच, तेव्हा करून बघायला काय हरकत, म्हटलं. “आता पाय उचलू?” असं विचारून थांबलो. पहिला आठवडाभर त्या थांबण्याचा फायदा घेऊन धाकटा पालथा होऊन तसाच उघडा पळाला. ये रे माझ्या मागल्या! पण तिसऱ्या आठवड्यात कधीतरी मी विचारलं आणि त्याने पाय वर केला. डावा. मग माझ्याकडे बघत उजवा. पळतो अजूनही, पण रोज नाही.

एवढं बसतंय तोवर त्याची झोप बदलली. बारा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान बहुतेक मुलं दिवसातल्या दोन झोपांवरून एकीवर येतात, आणि हा बदल एका रात्रीत होत नाही. काही दिवस दोन झोपा जास्त होतात, एक कमी पडते. सकाळी झोपला की दुपारी टक्क जागा, सकाळी जागा ठेवला की अकरा वाजता ताटातच डुलक्या. तीन आठवडे माझ्या चारही खुंट्या डगमगल्या. शेवटी जेवण अकराला आणलं, पाठोपाठ झोप, आणि दर तीन-चार दिवसांनी दोन्ही पंधरा मिनिटं पुढे ढकलत गेलो, साडेबारापर्यंत. त्या काळात रात्री त्याला नेहमीपेक्षा आधी निजवलं. उशिरा निजवलं तर उशिरा उठेल हा माझा अंदाज साफ चुकला होता. जास्त दमलेलं मूल नीट झोपत नाही, रात्रीतून उठतं आणि पहाटेही लवकर उठून बसतं.

थोरली दुपारी झोपत नाही. तिच्यासाठी ‘शांत वेळ’ काढला: एक पिशवी, जी फक्त तेव्हाच उघडायची, आणि तिचा कोपरा. पहिले काही दिवस दर चार मिनिटांनी दारात, “झालं का?” मी दर वेळी तेच उत्तर दिलं, “भाऊ उठला की झालं.” आता ती त्या पिशवीशी बोलत बसते. काय बोलते ते ऐकायचं नाही असा मी नियम केला आहे. तो पाळत नाही हे वेगळं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना काढल्या. तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल आणि १० ते १३ तास झोप, एक-दोन वर्षांच्यांना झोप ११ ते १४ तास. १८० हा आकडा वाचून मला घाम फुटला होता. वाटलं, आता यांना कवायत शिकवावी लागणार. पण दिवस संथ झाल्यावर तो आपोआप भरला. जिना चढायचा तर धाकटा प्रत्येक पायरीवर बसतो, उतरतो, पुन्हा चढतो. कपडे वाळत घालायचे तर एकेक मोजा उचलून बहिणीकडे नेऊन देतो, कधी परत बादलीत टाकतो. त्याच सूचनांमध्ये मुलाला एका वेळी तासाहून जास्त बाबागाडीत किंवा उंच खुर्चीत बांधून बसवू नये असंही आहे. माझ्या घाईच्या दिवसांत तो किती वेळ पट्ट्यात अडकलेला असायचा ते आठवून मी ते पान जरा पटकनच उलटलं.

बायको संध्याकाळी येऊन विचारायची, “आज काय काय केलंत?”

“कपडे वाळत घातले.”

“आणि?”

“काढले.”

ती हसायची, पण मला ते लागायचं. कारण संथ दिवस मोठ्या माणसाला कंटाळवाणा असतो. तास उलटला असेल म्हणून घड्याळाकडे बघावं, तर दहा वीस. बादलीभर कपड्यांना तास लागतो तेव्हा डोकं दुसरीकडे पळतं आणि हात खिशातल्या फोनकडे. फोन कपाटावर ठेवायला लागलो. पहिल्या दिवशी नऊ वेळा स्टूल लावून खाली काढला. कंटाळा गेला नाही. फक्त त्याची भीती कमी झाली, आणि मुलांच्या शेजारी बसून काहीही न करणं हे थोडंथोडं जमायला लागलं.

संध्याकाळी पाच ते सात या वेळेला मात्र अजून औषध सापडलेलं नाही. दोघं दमलेली, मी दमलेलो. पाणी बरंच तारून नेतं: न्हाणीघरात एक टब, चार पेले, एक गाळणी, आणि मी पाटावर. बाहेरच्या खोलीतले दिवे निम्मे बंद. तरीही काही दिवस हातघाईवर येतात आणि मी थोरलीला अर्धा तास टीव्ही लावून देतो. तिच्या वयाला त्याच सूचनांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास आहे, पण धाकट्याच्या वयाला शून्य, आणि तो काही डोळे मिटून बसत नाही. त्याला घेऊन मी टबाकडे जातो. तो ऐकतोच असं नाही.

पाच महिन्यांनी तो कागद पुन्हा लावला. जेवणापर्यंत नऊ रेघा. तीन मी किल्ल्या शोधत असताना बायकोला उद्देशून होत्या. चार मुलांवर. उरलेल्या दोन थोरलीने ओढल्या होत्या, कारण पेन्सिल तिथे टांगलेली होती.