समृद्धीवरून पटावर, पटावरून घाटात

नागपूरहून शिवमडक्याला समृद्धी महामार्गावर चढलं की सुरुवातीची काही क्षणच गाडी पळते आहे हे अंगाला कळतं. पाठ आसनात दाबली जाते, मान मागे ओढली जाते. मग काटा 120 वर येऊन स्थिरावतो आणि सगळं निवांत होतं. मित्र गाडी चालवत होता, मी शेजारी बसून बाहेरची तूर आणि वेचणीला आलेली कपाशी बघत होतो. समोर ठेवलेल्या बाटलीतलं पाणी जेमतेम थरथरत होतं. दर सेकंदाला आम्ही 33 मीटर पुढे सरकत होतो आणि शरीराकडे त्याची काहीच खबर नव्हती.

खबर लागणारही नाही. शरीराला वेग कळतच नाही, कळतो तो वेगातला बदल. शाळेत त्याला त्वरण म्हणून शिकवतात, आणि फळ्यावरचं सूत्र सोडवून आपण तो विषय तिथेच सोडून देतो. खरं तर हे आपल्या कानात घडत असतं. आतल्या कानात दोन इवल्या पिशव्या असतात. त्यांच्यात मऊ थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण बसलेले असतात. बैलांनी एकदम ओढ घेतली की बंडीतली पोती मागे सरकतात, तसे गाडीने वेग घेतला की हे कण मागे राहतात. त्यांच्या खालच्या केसासारख्या पेशी वाकतात आणि मेंदूला निरोप जातो. वेग एकसारखा झाला की कण जागेवर येतात आणि निरोप थांबतो. मग गाडी 120 ने जावो की 40 ने, कानाच्या लेखी दोन्ही सारखंच. विदर्भाच्या अक्षांशावर पृथ्वी स्वतःभोवती फिरताना आपल्याला ताशी सुमारे 1,560 किलोमीटर वेगाने पूर्वेकडे नेते आहे. त्यानं कुणाला कधी घेरी आली?

वर्धा नदी ओलांडून अमरावती जिल्ह्यात शिरलो तेव्हा मला आर्यभट आठवला. इ.स. 499 मधल्या ‘आर्यभटीया’त त्यानं लिहून ठेवलं आहे की पुढे जाणाऱ्या नावेतल्या माणसाला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसेच स्थिर तारे आपल्याला पश्चिमेकडे जाताना दिसतात. आपण हलतो आहोत हे शरीर सांगत नाही, ते बाहेर बघूनच ठरवावं लागतं, हे त्या माणसानं किती आधी ओळखलं होतं!

पण डोळ्यांवरही फार विसंबता येत नाही. धामणगावच्या बाजूला महामार्गावरून उतरताना मित्रानं ब्रेक दाबला आणि मला वाटलं गाडी आता थांबतेच. काट्यावर नजर गेली, तर 70! बराच वेळ एका वेगाने पळणारं दृश्य बघितलं की डोळे त्याला सरावतात आणि त्यानंतरचा कमी वेग खरा असतो त्याहूनही कमी भासतो. हे मला फार गंभीर वाटतं, कारण धोक्याचं गणित शरीराच्या अंदाजाने चालत नाही. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर चौपट होतं. कोरड्या चांगल्या रस्त्यावर 60 ने जाणारी गाडी जोरात ब्रेक लावल्यावर 18 मीटरच्या आसपास थांबते, 120 ने जाणारीला 70 मीटर लागतात. पाय ब्रेकवर जाईपर्यंत सरलेलं अंतर त्यात धरलेलं नाही. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे: समृद्धीवरून उतरताना मनाला विचारू नका, काटा वाचा. आणि मागे बसलेल्यांनीही पट्टा लावा. जॉन पॉल स्टॅप या अमेरिकी हवाई दलातल्या डॉक्टरांनी 10 डिसेंबर 1954 रोजी रॉकेटच्या घसरगाडीवर स्वतःला बांधून घेतलं, ताशी 1,000 किलोमीटरच्या वर वेग गाठला आणि 1.4 सेकंदांत थांबले. त्या क्षणी गुरुत्वाकर्षणाच्या 46 पट भार त्यांच्या अंगावर आला. डोळ्यांत रक्त उतरलं, पण ते वाचले. ते वाचले कारण पट्ट्यांनी त्यांना घट्ट बांधलेलं होतं. पुढे मोटारीत पट्टे असावेत म्हणून ते वर्षानुवर्षं झटले.

आम्ही निघालो होतो तळेगाव दशासरच्या शंकरपटाला, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीला. 2014 मध्ये बंदी आली तेव्हापासून इथलं मैदान सुनं पडलं होतं. 2021 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं परवानगी दिली, 2023 मध्ये घटनापीठानं शर्यतींना मुभा देणारा कायदा ग्राह्य धरला, आणि पट पुन्हा भरू लागले. बैलांना टोचणं-मारणं चालणार नाही ही अट आहे आणि ती पाळलीच गेली पाहिजे. चांगली जोडी नुसत्या आरोळीवर सुटते, ते बघताना छाती भरून येते. घड्याळात सेकंदाचे अपूर्णांक मोजले जातात, म्हणजे सुटण्याच्या पहिल्या दोन-चार ढांगांतच पुष्कळसा निकाल लागलेला असतो.

पटात जोडी हाकणाऱ्या एका वयस्क धुरकऱ्यांना मी विचारलं, काका, छकड्यावर, म्हणजे शर्यतीच्या हलक्या गाडीवर असताना वेग कसा वाटतो?

“सुटतानी जो झटका बसते ना भाऊ, तोच सांभाळा लागते. मंग जोडी कितीबी पयली तं काई वाटत नाई. अन् थांबवतानी पुन्हा.”

आतल्या कानाचं सगळं शास्त्र या तीन वाक्यांत आलं होतं. मी वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं.

पटावरून गावात जाताना एका शेतकऱ्यानं आम्हाला बंडीत घेतलं. घराकडे निघालेली जोडी, आपसूक दुडकी धरली. धावत्या माणसानं सहज गाठावी एवढीच ती चाल असेल, पण दुपारच्या 120 पेक्षा ती कितीतरी वेगवान वाटली. जमीन हातभर खाली, म्हणून ढेकळं झरझर मागे जातात. वारा थेट तोंडावर. प्रत्येक खाचखळग्याला त्वरणाचा नवा झटका, मणक्यातून थेट डोक्यापर्यंत. बंद काचांच्या गाडीनं हेच सगळं आपल्यापासून काढून घेतलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी अमरावतीहून परतवाड्याला गेलो आणि तिथून एसटीनं चिखलदऱ्याला. घाटात बस वीसच्या वर क्वचितच जाते, पण मागच्या बाकांवर पिशव्या उघडायला लागतात. वेग वाढला नाही तरी दिशा बदलली म्हणजे त्वरण आलंच. 15 मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी 20 ने वळताना शरीर बाहेरच्या बाजूला ढकललं जातं ते गुरुत्वाकर्षणाच्या पाचव्या हिश्शाएवढ्या जोरानं. कान सांगतो आपण गरगर फिरतोय, डोळे समोरच्या बाकाच्या स्थिर पाठीकडे बघून सांगतात आपण बसलोय. या भांडणात पोट ढवळून निघतं. चालकाला मात्र काही होत नाही, कारण पुढचं वळण त्याला आधीच ठाऊक असतं आणि शरीर त्यासाठी तयार असतं.

वाहकानं माझ्या शेजारच्या मावशींना पुढे बोलावलं, चालकामागच्या बाकावर बसवलं आणि रस्त्याकडे बघायला सांगितलं. दोन-तीन वळणांत त्यांच्या चेहऱ्यावर रंग परतला. उतरताना मीही तीच जागा धरली, प्रत्येक वळण येण्याआधी बघून घेतलं, आणि परतवाड्यापर्यंत मळमळ जवळ फिरकली नाही.