बाईंच्या यादीत नसलेलं सील

आमच्या वेळच्या इंग्रजीच्या बाई शब्दार्थ पाठ करू देत नसत. "आधी वाक्य वाच, मग अर्थ सांग," हा त्यांचा खाक्या. आठवीत धड्यात 'सील' आलं आणि अख्खा तास तिथेच गेला. कुणी म्हणालं शिक्का, कुणी म्हणालं दुकानाला मारतात ते. (वेरा, म्हणजे पालिकेचा कर, थकला की दुकानाला सील बसतं, हे वडोदऱ्याच्या पोराला एबीसीडीच्या आधी कळतं.) धड्यातलं सील मात्र बर्फावर लोळत होतं.

बाईंनी फळ्यावर उभी रेघ मारली. शिक्क्याचं सील लॅटिनमधल्या 'सिजिलम'पासून फ्रेंचमार्गे आलेलं, प्राण्याचं सील जुन्या इंग्रजीतलं. "दांडियाबाजारात एका आडनावाची दोन घरं असतात, सोयरसुतक काही नसतं, तसंच हे," त्या म्हणाल्या. प्राण्याची बाजू एका ओळीत आटोपली. दुसऱ्या बाजूला शिवाजी महाराजांची अष्टकोनी मुद्रा आली, पत्राच्या शेवटी उमटणारं 'मर्यादेयं विराजते' आलं. ते उमटलं की मजकूर संपला, खाली कुणी काही घुसडायचं नाही. मी पार्सलाची लाख सांगितली. आजोबा कापडाच्या शिवणीवर लाख वितळवून टाकत आणि पितळी शिक्का आधी थुंकीने ओला करत, नाहीतर तो लाखेलाच चिकटून बसे. थुंकी ऐकून वर्ग हसला. बाईंनी मात्र 'लाख' फळ्यावर लिहिलं.

पुढे मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, पंपांच्या कामाला लागलो आणि फळ्यावर नसलेलं सील गळ्यात पडलं, मेकॅनिकल सील. पूर्वी पंपाचा फिरता दांडा, म्हणजे शाफ्ट, बाहेर येतो तिथे पॅकिंगचा दोर ठासत. त्यातून थेंब थेंब गळायचं, आणि गळायलाच हवं, नाहीतर दोर जळतो आणि शाफ्ट झिजतो. पाण्याचं ठीक आहे. ॲसिड कोण गळू देणार? म्हणून मेकॅनिकल सीलच्या या दोन कड्या: एक जागेवर बसलेली, दुसरी शाफ्टबरोबर फिरणारी. बहुधा एक कार्बनची, दुसरी सिलिकॉन कार्बाइडची. स्प्रिंग त्यांना एकमेकींवर दाबते, तरी फिरताना मध्ये पंपातल्याच द्रवाचा पापुद्रा राहतो, मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, आसपास जाडीचा. तो सुकला की कड्या गेल्याच म्हणून समजा. पंप कोरडा चालवू नका म्हणून आम्ही कानीकपाळी ओरडतो ते याचसाठी.

या कड्यांचे फेस, म्हणजे एकमेकींना टेकणाऱ्या बाजू, लॅपिंग करून (बारीक घासून) इतके सपाट करतात, की पट्टी लावून काही कळत नाही. एकरंगी दिव्याखाली वर काचेची चकती ठेवायची. प्रकाशाचे पट्टे दिसतात. सरळ, समांतर आले तर माल पास. वाकले की परत लॅपिंगला. एका पट्ट्याएवढा बाक म्हणजे साधारण 0.3 मायक्रॉनची चूक. नवा कारागीर पहिल्यांदा हे पट्टे बघतो तेव्हा काम सोडून बघतच राहतो, आणि मी त्याला हटकत नाही.

आताच्या मुलांना बघायचं असेल तर सुट्टीत सरांना घेऊन शेडवर जरूर या. चहा-नाश्ता माझ्याकडे. फक्त फेसवर बोट टेकवायचं नाही.