ऑटोनॉमिकचं युनिट मला कसं उलगडलं

इंदूरला बी.फार्म.च्या चौथ्या सेमिस्टरला ऑटोनॉमिकची, म्हणजे हृदय, लाळ, घाम अशी आपोआप चालणारी कामं सांभाळणाऱ्या मज्जासंस्थेवरची, औषधं सुरू झाली, तेव्हा वर्गातल्या बहुतेकांनी नावांच्या याद्या पाठ करायला घेतल्या. मी दुसऱ्या सेमिस्टरची मज्जासंस्थेची वही काढली. प्रत्येक औषधाला तीनच प्रश्न विचारायचे ठरवलं: मज्जातंतूच्या टोकाशी कुठलं रसायन सुटतं, ते पेशीवरच्या कुठल्या रिसेप्टरवर, म्हणजे रसायनाचा निरोप घेणाऱ्या जागेवर, बसतं, आणि औषध त्या रिसेप्टरला चेतवतं की अडवतं?

यामागे ऑटो लोवी यांचा 1921 चा प्रयोग होता. बेडकाच्या हृदयाकडे जाणारी व्हेगस नस चेतवली, ठोके मंदावले. त्या हृदयाभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयाला दिला, तर तेही मंदावलं! म्हणजे नस आपलं काम रसायनामार्फत करते. ते रसायन अॅसिटिलकोलिन. इतका साधा आणि इतका सुंदर प्रयोग मी दुसरा वाचलेला नाही.

मग अॅट्रोपिन आपोआप समजलं. ते अॅसिटिलकोलिनच्या दोन प्रकारच्या रिसेप्टरांपैकी मस्करिनिक रिसेप्टर अडवतं, म्हणून तोंड कोरडं, बाहुल्या मोठ्या, नाडी जलद, लघवी अडते. आमचा माळवा शेतीचा, घरोघरी कीटकनाशकं. त्यामुळे ऑर्गॅनोफॉस्फेट या कीटकनाशकांच्या विषबाधेवर मी जास्त वेळ दिला. हे विष अॅसिटिलकोलिन मोडणारं एन्झाइमच बंद पाडतं. लाळ, घाम, बारीक बाहुल्या, श्वासनलिकांत साचणारा स्राव, सगळं त्यातून येतं. अॅट्रोपिन हा स्राव आटवतं, पण स्नायूंची दुर्बलता हटवत नाही, कारण तिथले रिसेप्टर दुसऱ्या प्रकारचे, निकोटिनिक. त्यासाठी ते एन्झाइम पुन्हा चालू करणारं प्रॅलिडॉक्झिम, आणि तेही लवकर द्यावं लागतं. हा फरक रुग्णाच्या जिवाचा आहे, नुसत्या मार्कांचा नाही.

घरी आजीला दमा. "पंप घेतला की हात थरथरतात गं," ती म्हणायची. पंपातलं सालब्युटामॉल बीटा-2 रिसेप्टर चेतवतं, श्वासनलिका सैल होतात. तेच रिसेप्टर हातापायांच्या स्नायूंतही असतात. तिला हे समजावलं आणि बीपीवरचं प्रोप्रॅनोलॉल हेच रिसेप्टर अडवतं, म्हणून दम्यात ते टाळतात, हेही सांगितलं.

"मग बीपीची गोळी लिहून घेताना दम्याचं आधी सांगायला हवं," आजी लगेच म्हणाली.

व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेत, काचबिंदूत अॅट्रोपिन का नको, असं विचारलं. बाहुली मोठी झाली की अरुंद कोनाच्या डोळ्यात द्रवाची वाट बंद होते आणि दाब चढतो, हे मी तिथल्या तिथे मांडू शकले. मेंदूवरच्या औषधांनाही आता तेच प्रश्न लावते आहे. डायझेपाम हे शामक औषध गाबा या मेंदू शांत करणाऱ्या रसायनाच्या रिसेप्टरवर बसतं, पण गाबा असेल तरच त्याचा परिणाम वाढवतं. बार्बिट्युरेटं ही जुनी शामक औषधं मोठ्या डोसमध्ये गाबाशिवायही काम करतात, म्हणून ती जास्त धोक्याची.