कामावर इजा झाली तर सांगायचे: जर्मनीतील अपघात विम्याविषयी

श्टुटगार्टजवळच्या ज्या यंत्रकारखान्यात मी नोकरी करतो, तिथे नेहमीच्या कामाबरोबर माझ्याकडे प्रथमोपचारकाची जबाबदारीही आहे. आमच्याकडे आता महाराष्ट्रातून आलेली तरुण मुले दिसू लागली आहेत आणि त्यांची एक सवय मला अस्वस्थ करते: कामावर इजा झाली की ती सांगत नाहीत. पत्र्याच्या धारेने तळहात कापलेला एक मुलगा हातमोज्याच्या आत रुमाल गुंडाळून पाळी संपेपर्यंत काम करत राहिला, आणि मोज्याबाहेर रक्त दिसल्यावर मी विचारले तेव्हा म्हणाला, "दादा, प्रोबेशन चालू आहे, साहेबांच्या डोक्याला ताप कशाला?" फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र शासन आणि आमचे बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार झाला. त्यामुळे इकडे येण्याची तयारी करणाऱ्या वाचकांनी निदान या एका विषयात तरी गैरसमज घेऊन येऊ नये, असे वाटते.

साहेबांच्या डोक्याला ताप होतो तो जखम लपवल्यावर, कारण इथे कामावरच्या इजेच्या उपचाराचा खर्च साहेबांच्या खिशातून जातच नाही. या व्यवस्थेची मुळे बिस्मार्कच्या काळात आहेत. 1871 च्या कायद्यानुसार खाण किंवा कारखान्यातील जखमी मजुराला भरपाई हवी असेल, तर मालकाची अथवा त्याच्या मुकादमाची चूक न्यायालयात सिद्ध करावी लागे, आणि ज्याचा हात यंत्रात गेला आहे त्याला हे क्वचितच जमत असे. 6 जुलै 1884 च्या अपघात विमा कायद्याने चुकीचा प्रश्नच बाजूला ठेवला. प्रत्येक उद्योगातील मालकांनी मिळून एक सक्तीचे विमा मंडळ चालवायचे, अपघात कामामुळे झाला एवढे ठरले की मंडळाने उपचार आणि पैसे द्यायचे, आणि त्या बदल्यात कामगाराने मालकावर दावा लावायचा नाही, असा तो सौदा होता. या मंडळांना बेरूफ्सगेनोसेनशाफ्ट म्हणतात; कारखान्यात सगळे नुसते 'बेगे' म्हणतात. आज खासगी उद्योगांसाठी अशी नऊ मंडळे आहेत. बांधकामाचे वेगळे, लाकूड आणि धातूकामाचे वेगळे, रुग्णालये आणि शुश्रूषेचे वेगळे. मंडळाच्या कारभारात मालक आणि विमाधारक यांचे प्रतिनिधी निम्मे-निम्मे असतात.

पगाराच्या चिठ्ठीवर आरोग्य, निवृत्ती, बेकारी अशा विम्यांची कपात दिसते, पण अपघात विम्याची ओळ तिथे सापडत नाही, कारण ही संपूर्ण वर्गणी मालक भरतो. कामाचा धोका जितका मोठा तितका वर्गणीचा दर चढा, म्हणून छपरावर काम करणाऱ्यांचा मालक कार्यालय चालवणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त भरतो. संरक्षण नोकरीच्या पहिल्या दिवसापासून मिळते आणि ते शिकाऊ उमेदवार व तासांवर काम करणारे विद्यार्थी या सर्वांना लागू असते. मालकाने वर्गणी थकवली असली, इतकेच काय, कामगाराची कुठे नोंदच केली नसली, तरी बेगे जखमीला पैसे देते आणि मग मालकाकडून वसुली करत बसते. अपघात वाढले तर मालकाच्या वर्गणीवर अधिभार लागू शकतो, त्यामुळे एखाद्या कंजूष मुकादमाला नोंद नकोशी वाटणे अशक्य नाही. मात्र तो त्याचा प्रश्न आहे, जखमीचा नव्हे.

प्रत्यक्षात करायचे काय, तर लहानसे खरचटले तरी प्रथमोपचाराच्या वहीत नोंद करून घ्यायची. तारीख, वेळ, जागा, काय झाले, कोणी पाहिले, एवढा मजकूर पुरतो आणि ही नोंद पाच वर्षे जपून ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. नव्या मुलांना हा कागदी सोपस्कार वाटतो. परंतु आज किरकोळ वाटलेली जखम पुढे चिघळली किंवा आत कापलेला स्नायुबंध नंतर उघडकीस आला, तर ती इजा कामावरच झाली हे दाखवायला त्या दोन ओळींइतका भक्कम पुरावा दुसरा नसतो. इजा अशी असेल की दुसऱ्या दिवशी कामावर येता येणार नाही, किंवा उपचार आठवड्याहून अधिक चालतील, तर घराजवळच्या नेहमीच्या डॉक्टरकडे न जाता डुर्खगांग्सआर्ट्स्टकडे, म्हणजे बेगेने नेमलेल्या अपघात-तज्ज्ञाकडे जावे लागते. डोळ्याला किंवा कानाला लागले असेल तर थेट त्या त्या तज्ज्ञाकडे जाता येते. दवाखान्याच्या खिडकीवर पहिला शब्द 'अर्बाइट्सउन्फाल', म्हणजे कामावरचा अपघात, असा उच्चारावा, कारण घरी पडलो असे भिडेखातर सांगितले की बिल आरोग्य विम्याकडे जाते आणि पुढचे सगळे हक्क अवघड होऊन बसतात. बेगेच्या उपचारात औषधासाठी किंवा रुग्णालयातील दिवसांसाठी आपल्याला एरवी भरावा लागणारा हिस्सा भरावा लागत नाही. कामगार तीन दिवसांहून अधिक काळ काम करू शकत नसेल, तर मालकाने तीन दिवसांत बेगेला अपघाताची सूचना पाठवायची असते. कामगाराला स्वतंत्र अर्ज करावा लागत नाही, ही गोष्ट आपल्याकडच्या लोकांना पटायला फार वेळ लागतो.

पहिले सहा आठवडे मालक पूर्ण पगार देतो. त्यानंतर एकूण पगाराच्या 80 टक्के, परंतु हाती येणाऱ्या पगाराहून जास्त नाही, इतका इजाभत्ता मिळतो, आणि तो सर्वसाधारणपणे 78 आठवड्यांपर्यंत चालू राहू शकतो. नोकरीला अजून चार आठवडे झाले नसतील तर मालकावर पगाराची सक्ती नसते. तेव्हा हा भत्ता सुरुवातीपासूनच लागू होतो, आणि नुकत्याच आलेल्या मुलांना नेमकी हीच तरतूद माहीत नसते. प्रोबेशनबद्दलची भीती मात्र मी सरसकट खोडून काढत नाही. पहिल्या सहा महिन्यांत इथेही नोकरीवरून काढणे सोपे असते आणि अपघात झाला म्हणून नोकरीला कवच मिळत नाही. पण नोकरी गेली तरी उपचार आणि भत्त्याचा हक्क शाबूत राहतो, आणि तो हक्क नोंदीवर उभा असतो.

कायमचे अपंगत्व राहिले तर 26 आठवड्यांनंतरही कार्यक्षमता निदान 20 टक्के घटलेली आहे का, हे पाहून निवृत्तिवेतनासारखी मासिक रक्कम ठरते. पूर्ण रक्कम आधीच्या वर्षाच्या कमाईच्या दोन तृतीयांश धरतात. वर्षाला 36,000 युरो मिळवणाऱ्याची पूर्ण रक्कम 24,000 होते, आणि 20 टक्के घट असेल तर त्याच्या एक पंचमांश, म्हणजे महिन्याला 400 युरो हाती येतात. त्यावर आयकर नाही, जुन्या कामावर पूर्ण पगाराने परतले तरी ती थांबत नाही, आणि उद्या कायमचे सांगलीला किंवा साताऱ्याला परतलात तरी मिळत राहते.

या सौद्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मालकाने हेतुपुरस्सर इजा केली नसेल, तर कामाच्या जागी झालेल्या अपघाताबद्दल त्याच्यावर किंवा सहकाऱ्यावर भरपाईचा दावा लावता येत नाही, आणि वेदनांबद्दल वेगळी रक्कम बेगे देत नाही. यंत्रावरचे संरक्षक झाकण निष्काळजीपणे काढून ठेवणाऱ्या फोरमनमुळे बोट गेले तरी हेच. मला हे अनेकदा खटकते. तरीही वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवण्यापेक्षा लगेच शस्त्रक्रिया होणे आणि महिन्याच्या महिन्याला पैसे येणे मी पसंत करीन. बोखुममध्ये 1890 साली जखमी खाणकामगारांसाठी उघडलेले रुग्णालय आजही चालू आहे, आणि ट्युबिंगेन, लुडविग्सहाफेन, मुरनाऊ येथील बेगेच्या रुग्णालयांत तुटलेले हात आणि भाजलेली शरीरे सांभाळण्याचे कौशल्य साठले आहे.

घर ते कामाची जागा हा प्रवासही 1925 पासून विम्यात आहे, आणि इथे जर्मन काटेकोरपणाचा कळस पाहायला मिळतो. संरक्षण इमारतीच्या बाहेरच्या दारापासून सुरू होते. जिन्यात घसरलात तर ती तुमची खासगी बाब. वाटेत मुलाला पाळणाघरात सोडायला वळलात तर विमा चालू, पाव घ्यायला बेकरीत शिरलात तर तेवढ्यापुरता बंद. कारखान्यात शौचालयापर्यंतची वाट विम्यात आहे, आतला भाग सहसा नाही. घरून काम करणारा एक कर्मचारी सकाळी पलंगावरून उठून कामाच्या खोलीकडे जाताना गोल जिन्यावरून पडला, तेव्हा तो कामाला जाण्याचाच रस्ता होता असा निर्णय सामाजिक विम्याचे वाद चालवणाऱ्या संघीय सामाजिक न्यायालयाने 8 डिसेंबर 2021 रोजी दिला. हसू येते खरे. पण रेष कुठेतरी ओढावी लागते आणि ती आधी माहीत असणे बरे.

याच रेषेवरचा एक खटला महाराष्ट्रातला आहे. एका साखर कारखान्याचा रखवालदार 22 एप्रिल 2003 रोजी पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलने निघाला आणि कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर अपघातात गेला. कामगार भरपाई आयुक्तांनी भरपाई मंजूर केली, मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने 29 जुलै 2025 रोजी ती पुन्हा बहाल केली. कुटुंबाला 22 वर्षे लागली. आपला 1923 चा भरपाई कायदाही चुकीवर आधारलेला नव्हता, हे विसरू नये. फरक असा की त्यात पैसे देण्याचा भार एकेका मालकावर होता, आणि मालक अथवा त्याची विमा कंपनी नकार देऊन आयुक्तांपुढे लढत राहू शकत होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेत (ईएसआय) तात्पुरत्या अपंगत्वाला पगाराच्या 90 टक्के मिळतात, म्हणजे टक्केवारीत आपण जर्मनीच्या पुढे आहोत. पण महिना 21,000 रुपयांची पगारमर्यादा आणि नोंदणीबाहेर राहिलेले असंख्य मजूर पाहिले की त्या आकड्याचा अभिमान फार टिकत नाही.

बेगे नेहमी हो म्हणते असे मुळीच नाही. पाठीच्या आणि गुडघ्याच्या दुखण्यात झीज आधीचीच होती असे सांगून नकार देण्याचे प्रकार सर्रास घडतात, आणि मला हा या व्यवस्थेचा सर्वांत दुबळा भाग वाटतो. नकाराचे पत्र दाट सरकारी जर्मनमध्ये येते आणि नवा माणूस ते समजले नाही म्हणून खणात ठेवून देतो. त्या पत्राविरुद्ध आक्षेप नोंदवायला एक महिना मिळतो. 'हा निर्णय मला मान्य नाही, कारणे नंतर कळवतो' एवढे एक वाक्य सही करून मुदतीत पोहोचले तरी पुरते, आणि कारणे लिहायला कामगार संघटनेचा वकील मदत करतो, मात्र त्यासाठी संघटनेचे सभासदत्व आधी घेतलेले असावे लागते. आक्षेपही फेटाळला गेला तर पुन्हा एका महिन्याच्या आत सामाजिक न्यायालयात जाता येते, आणि तिथे जखमी कामगाराकडून न्यायालयीन शुल्क घेत नाहीत.