कडुलिंबाखाली

“नाक घासा त्याचं त्यात, आपोआप शिकते!” शेजारचे काका दारातूनच म्हणाले.

आमच्या कुत्र्याच्या पिल्लाने, तिळूने, घरातच शू केली होती आणि मी पोछा घेऊन वाकले होते. दोन महिन्यांचा तिळू शेपूट पोटाशी घेऊन सोफ्याखाली शिरला. नुसतं नाकाचं टोक दिसत होतं.

अहो, एवढ्याशा पिल्लाला दोन-तीन तासांवर शू धरवतच नाही. झोपून उठलं, खाल्लं, खेळलं की लगेच बाहेर न्यायचं. आज उशीर माझ्याकडून झाला. शिक्षा केली तर ते फक्त लपून करायला शिकतं.

लसी व्हायच्यात, पार्व्होची, म्हणजे पिल्लांच्या जीवघेण्या विषाणू आजाराची भीती; म्हणून फुटाळा तलावावर फिरणं सध्या नाही, अंगणच. संध्याकाळी कडुलिंबाखाली त्याने केली आणि वळून माझ्याकडे बघितलं. “शाबास रे!” म्हणत चिकनचा इवलासा तुकडा दिला.

उद्या काकांनाही अंगणात बोलावू का?